भूल देण्याआधी

चाळीस वर्षं मी पोरांना पोहायला शिकवलं. आमच्या माक्कुम गावात पन्नाशीच्या आतला असा एक माणूस दाखवा, ज्याला मी लांब काठीने ढोसून पाण्यात ढकललेलं नाही. इकडे जिथे बघावं तिथे पाणी. पोहता न येणारं मूल म्हणजे आईबापांच्या जिवाला घोर. म्हणून सगळी पोरं माझ्याकडे यायची, अंगात कपडे नि पायांत बूट घालून पोहण्याची परीक्षा द्यायची, आणि पोराबाळांची झाली तरी अजून मला रस्त्यात ‘बाई’ म्हणूनच हाक मारतात. त्यामुळे जेव्हा माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली, ती कापून काढायची ठरली आणि सर्जन म्हणाला की ऑपरेशनआधी महिनाभर शरीराची तयारी करावी लागेल, तेव्हा मी म्हटलं, एवढंच ना? तयारीच्या बाबतीत हिस्के होख्लांडचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

गाठ कर्करोगाची होती. वेळेत काढली तर तुम्ही पूर्ण बऱ्या व्हाल अशी चांगली आशा आहे, असं तो म्हणाला. त्यातला ‘वेळेत’ एवढा शब्द मी घट्ट धरून घरी आले.

नवऱ्याला, वीब्रनला, सगळं ठाऊक होतं, कारण तो बरोबरच होता. बाकी कुणाला मी सांगितलं नाही. नणंदेने विचारलं तर म्हटलं, पोटाची किरकोळ दुरुस्ती आहे. आजारपणाच्या गप्पांचा मला मनापासून तिटकारा आहे. लोक मान तिरकी करून, आवाज खाली आणून बोलायला लागतात, जणू आपण आधीच गेलोय.

मग लागले कामाला. घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत भरून हॉस्पिटलच्या औषधवाल्या बाईसमोर ओतली. रक्तदाबाची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, आम्ही जिला पाण्याची गोळी म्हणतो ती, चालू ठेवायची. नणंदेने दिलेल्या लसणीच्या कॅप्सूल बंद. गुडघा दुखला की मी वीब्रनच्या डब्यातल्या दुखण्याच्या गोळ्या उचलायची, त्यावरून चांगलीच बोलणी खाल्ली.

“दुसऱ्याच्या गोळ्या घेता?” ती म्हणाली.

“दुसऱ्याच्या कुठे? नवऱ्याच्या.”

“पोट त्याचं आहे का?”

मला ती बाई आवडली. मी डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा लपवले नाहीत, सगळं सांगितलं.

व्यायामासाठी योरित होता. फिजिओथेरपिस्ट, आणि अर्थातच माझा विद्यार्थी. लहानपणी पाण्याखाली तोंड घालायचं म्हटलं की भोकाड पसरायचा. आता तोच मला जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवून “अजून थोडं, बाई, अजून थोडं” करत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सूड घेतल्याचा आनंद स्पष्ट दिसत होता. सायकल, खुर्चीतून हात न टेकता उठणं, छाती फुगवून श्वास. खायला अंडी, मासे, आणि वाडगंभर चक्का, कारण कापलेलं भरून यायला प्रथिनं लागतात. चक्क्याचा मला इतका वीट आला की फ्रिज उघडताना डोळे मिटायची.

सर्वांत अवघड होती सिगारेट. पंधराव्या वर्षापासून मी तंबाखू हाताने वळून ओढत आले. सर्जन म्हणाला, धूर बंद केला नाहीत तर जखम नीट भरणार नाही आणि फुप्फुसं कुरकुरतील. मी त्याच दिवशी तंबाखूची पुडी, कागद, सगळं कचऱ्यात टाकलं. वीब्रनला वाटलं, दुपारपर्यंत परत काढेन. नाही काढलं. त्याऐवजी तोंडात ड्रॉप टाकायला लागले.

ड्रॉप म्हणजे ज्येष्ठमधाच्या अर्काची काळी, खारट वडी. आमच्याकडे ती चघळत नाहीत असं घर नाही. गाडीत, खिशात, दुकानाच्या गल्ल्यावर, पाद्र्याच्या टेबलावर, सगळीकडे ड्रॉप असतो. मला अगदी खारा, जिभेला चरचरणारा आवडतो. सिगारेटची तल्लफ आली की एक. तल्लफ गेली की ती गेली म्हणून एक. वीब्रन शनिवारच्या बाजारातून मोठ्या पिशव्या भरून आणायचा आणि मी त्या रिकाम्या करायची. धूर गेला, खोकला गेला, माझी मान ताठ झाली. भेटेल त्याला सांगत सुटले, सोडली म्हणजे सोडली.

सुरुवातीला सायकलवर मी रोज थोडी पुढे जात होते. मग, ऑपरेशन तोंडावर आलं असताना, उलटंच सुरू झालं. पाय जड झाले. जिना चढताना मांड्या अशा लटपटायच्या की कठड्याला धरून उभी राहायचे. घोटे सुजले. डोकं ठणकायचं. एका सकाळी खुर्चीतून हात न टेकता उठता येईना. योरितने मला दोनदा प्रयत्न करू दिला आणि मग सायकल बंद केली.

“बाई, काहीतरी बिनसलंय. मागच्या आठवड्यात तुम्ही मला लाजवत होतात.”

“झोप झाली नाही.”

“असं पाय गळणं झोपेचं नसतं. मी हॉस्पिटलला कळवतोय.”

“कळवू नकोस,” मी म्हटलं. “कळवलंस तर याद राख.”

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. तोंड पाण्यात घालायला घाबरणारं पोरगं! तेव्हा मला त्याचा असा राग आला की काठी असती तर खरंच ढोसलं असतं. खरं सांगायचं तर तो राग नव्हता. मला वाटत होतं की गाठ पसरली. मी इतकी तयारी करतेय आणि ती माझ्याहून पुढे पळतेय. हे मी वीब्रनलाही बोलले नाही, पण तो काय आंधळा आहे? परतताना त्याने गाडीत रेडिओ लावला नाही.

दुसऱ्याच दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टर आबिंक यांनी बोलावलं. चाळिशीची उंच, हाडकुळी बाई. कपाळावर एक आठी कायमची, इस्त्री करताना राहून गेल्यासारखी. माझं रक्त सकाळीच काढून नेलं होतं. तिने आम्हाला बसवलं आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली.

“रक्तदाब खूप वर गेलाय. पोटॅशियम खूप खाली आलंय. महिन्यापूर्वी दोन्ही ठीक होतं. मधल्या काळात तुम्ही काय घेताय?”

“जे लिहून दिलंय ते.”

“आणखी?”

“काहीही नाही.”

“पाण्याची गोळी जास्त घेतलीत? सूज आली म्हणून? जुलाबाचं औषध?”

“अहो बाई, मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे जीव सांभाळलेत. मला गोळ्या मोजता येतात.”

“मग मंगळवारचं ऑपरेशन होणार नाही,” ती म्हणाली.

वीब्रनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मी तो झटकून टाकला.

“का नाही? वेळेत काढायची आहे! सर्जनने स्वतः सांगितलंय.”

“पोटॅशियम इतकं कमी असताना मी भूल दिली तर तुमच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एक-दोन आठवडे उशीर झाल्याने ही गाठ तुम्हाला मारणार नाही. बिघडलेलं हृदय टेबलावरच मारेल.”

आमच्याकडे माणसं गुळमुळीत बोलत नाहीत, आणि मीही कधी बोलले नाही. पण स्वतःच्या मरणाविषयी इतकं सरळ ऐकणं वेगळं असतं. ती पुढे म्हणाली की कारण सापडत नसेल तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा काही आजार आहे का ते शोधावं लागेल, त्यासाठी आणखी तपासण्या, आणि त्याला किती वेळ लागेल ते आत्ता सांगता येणार नाही.

“म्हणजे मी धूर सोडला, तो चिकट चक्का गिळला, त्या पोरट्याच्या सायकलवर घाम गाळला, ते सगळं कशासाठी? तुम्ही मला घरी पाठवावं म्हणून?”

“ओरडून पोटॅशियम वर येत नाही,” डॉक्टर आबिंक म्हणाली.

आणि बोलणं अडलं की आम्ही सगळे जे करतो तेच मी केलं. पर्समधून ड्रॉपची पिशवी काढली, एक तोंडात टाकला आणि पिशवी तिच्यापुढे धरली. भांडण चालू असलं तरी समोरच्याला दिल्याशिवाय एकट्याने खायचं नसतं. तीही आमच्यातलीच. माझ्याकडे रागाने बघतच तिने पिशवीत हात घातला, एक उचलला, तोंडात टाकला. दोनदा चघळला, आणि तिचं तोंड थांबलं.

“ही पिशवी कधी फोडलीत?”

“आज सकाळी.”

“अर्धी संपलीय.”

“मग? काळजी लागली होती म्हणून.”

“काल किती खाल्लेत?”

“कालची वेगळी पिशवी होती.”

“कालच्या दोन होत्या,” वीब्रन म्हणाला. तिथे पोचल्यापासूनचं त्याचं ते पहिलंच वाक्य.

डॉक्टरने तोंडातली वडी कागदी रुमालात काढली आणि खुर्चीत मागे रेलली. मग तिने समजावून सांगितलं. ज्येष्ठमध भरपूर आणि रोज पोटात गेलं की शरीर मीठ नि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. रक्तदाब चढतो, पाय सुजतात, स्नायू ढिले पडतात. त्यात माझी पाण्याची गोळीही पोटॅशियम बाहेर काढणारीच. दोघांनी मिळून मला पोखरलं होतं.

“सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही औषधं विचारलीत. ड्रॉप हे काय औषध आहे? उद्या म्हणाल, श्वास घेता ते का नाही सांगितलं!”

“मीही विचारलं नाही,” ती म्हणाली. “आपण सगळेच खातो, त्यामुळे कुणाला ते दिसतच नाही.”

“म्हणजे गाठ पसरलेली नाही?” हे वीब्रनने विचारलं. मी विचारलंच नसतं.

“या रक्तावरून तरी तसं मानायला काहीही आधार नाही.”

वीब्रनने डोळ्यांवरून हात फिरवला आणि खिडकीकडे तोंड केलं. मला इतकं हसू आलं की थांबवेना, आणि हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझी मी उघडी पडते की काय, असं वाटून पटकन नाक शिंकरलं.

तिने पाण्याची गोळी तात्पुरती बदलून दुसरी दिली, शिवाय पोटॅशियमचं एक औषध. दोन्हीही तिने सांगितल्याप्रमाणेच घ्यायची, आपल्या मनाने कमीजास्त करायचं नाही, कारण पोटॅशियम फार चढलं तरी तितकंच वाईट. मधूनमधून रक्त तपासायचं. ड्रॉप एकदम बंद. परिणाम उतरायला वेळ लागतो. मंगळवार गेला तो गेला, त्याच्या पुढच्या आठवड्यात गुरुवारी सर्जनकडे जागा होती. त्याआधीच्या सोमवारी शेवटचं रक्त काढायचं. आकडा वर आला तर गुरुवार नक्की.

“आणि नाही आला तर?”

“मग गुरुवार नाही. पण सिगारेट परत धरू नका.”

ते दिवस मी कसे काढले ते वीब्रनला विचारा. ना धूर, ना ड्रॉप. गाजर चावलं, दालचिनीची काडी चावली, त्याला चावायचं तेवढं बाकी होतं. तो बिचारा सगळ्या पिशव्या शेजाऱ्यांकडे देऊन आला होता. तरी एकदा त्याच्या कोटाच्या खिशात मला तीन वड्या सापडल्या, आणि त्यावरून मी त्याला असं झापलं की बाहेर रस्त्यावर माणसं थांबली. पण पाय हळूहळू परत यायला लागले. योरितकडे खुर्चीतून एकदा हात न टेकता उठले, तेव्हा त्या पोराने टाळी वाजवली. मी त्याला गप्प बस म्हटलं, मनातून मात्र खूश होते.

शेवटच्या रक्ततपासणीच्या आदल्या रविवारी सापेचा, माझ्या नणंदेच्या नवऱ्याचा, सत्तरावा वाढदिवस होता. जाणं भाग होतं. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे खुर्च्या गोल मांडायच्या, आलेल्याने प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन म्हणायचं, आणि मग कॉफी नि केकचा एकच तुकडा घेऊन त्या गोलात बसायचं ते उठायची सोय नाही. केक झाला. मग नणंदेने, इम्क्येने, काचेचं भांडं फिरवायला सुरुवात केली. काठोकाठ ड्रॉप. त्यात माझ्या आवडीचे, बारीक मीठ भुरभुरलेले.

भांडं एकेका मांडीवरून माझ्याकडे येत होतं. वास मला आधीच पोचला. तोंडाला पाणी सुटलं. माझ्या हातात आलं तेव्हा मी न घेता ते वीब्रनकडे सरकवलं.

इम्क्येचे डोळे घारीचे. “हे काय? बाई आता डाएटवर का?”

“नको आज.”

“तुला? ड्रॉप नको? अगं, तू तर जन्मतानाच तो चघळत आलेलीस! घे एक. एकाने काय होतंय? सापेचा सत्तरावा आहे, अपशकुन करू नकोस.”

सगळे हसले. कुणीतरी भांडं परत माझ्या मांडीवर ठेवलं. एकाने खरंच काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. पण मी स्वतःला ओळखते. मी एकावर थांबणारी बाई नाही, आणि उद्या सकाळी माझं रक्त काढायचं होतं. काहीतरी थाप मारावी, पोट बिघडलंय म्हणावं, असं मनात आलं. मग त्या थापांचाच मला एकाएकी कंटाळा आला.

“मला कर्करोग आहे,” मी म्हटलं. “आतड्याचा. गुरुवारी ऑपरेशन आहे. हे खाल्लं की माझं पोटॅशियम उतरतं, आणि उतरलं तर मला भूल देणार नाहीत. म्हणून नको.”

मान कुणीच तिरकी केली नाही. त्या वेळी सगळ्यांचे गाल फुगलेले होते आणि कुणाला गिळताही येईना, बोलताही येईना. मग सापेने तोंडातली वडी काढून बशीत ठेवली. त्याच्या शेजारच्याने ठेवली. गोलभर बशांचा खणखणाट झाला.

“अरे मूर्खा, तू कशाला थुंकलास?” मी सापेला म्हटलं. “तुझं कुठे ऑपरेशन आहे?”

“तुझ्यासमोर गिळवेना,” तो म्हणाला.

इम्क्ये लाल झाली होती. “आणि मला सांगितलंस दुरुस्ती! पोटाची दुरुस्ती! मी काय नळवाली आहे? सख्खी नणंद मी तुझी!” तिने माझ्या मांडीवरचं भांडं हिसकावलं, आत जाऊन सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं आणि रडवेली होऊन परत आली. “तू हॉस्पिटलात असेस्तोवर वीब्रन माझ्याकडे जेवेल. त्याला स्वयंपाक येतो असं तुला वाटतं, तेवढंच. नाही म्हणायचं नाही.”

मी नाही म्हटलं नाही. महिनाभर छातीवर ठेवलेलं काहीतरी त्या संध्याकाळी उतरलं, हे खरं आहे. गोलात बसून मी आणखी एक कॉफी घेतली.

सोमवारी रक्त दिलं. दुपारी फोन वाजला तेव्हा वीब्रन जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसला.

“वर आलंय,” डॉक्टर आबिंक म्हणाली. “रक्तदाबही उतरलाय. गुरुवार नक्की. आता ऐका. आदल्या दिवशी सकाळपासून उपाशी राहून शूरपणा दाखवू नका. जेवण कधी थांबवायचं ते नर्स सांगेल. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत प्या, प्यायलाच हवं. सकाळची कुठली गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची तेही तीच सांगेल. आणि हिस्केबाई, गाजर चालेल.”

“गाजराचं कुणी सांगितलं?”

“तुमच्या नवऱ्याने रोज फोन केलाय इथे.”

मी फोन ठेवून त्याच्याकडे बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता, बांधलेलीच होती ती.

गुरुवारी सकाळी मी स्वच्छ अंघोळ केली, नखांचा रंग काढला, अंगठी वीब्रनच्या हातात दिली. ढकलगाडीवरून मला आत नेलं. तिथे थंडी होती, आणि वर इतके दिवे की मिटल्या डोळ्यांनाही उजेड दिसावा. डॉक्टर आबिंक टोपी घालून उभी होती. तिने माझं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कशाचं ऑपरेशन ते माझ्याच तोंडून वदवून घेतलं. यंत्राकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा यंत्राकडे.

मग वाकून म्हणाली, “घाबरलायत?”

तोंडावर ‘छे’ आलं होतं. आयुष्यभर येत आलंय.

“हो,” मी म्हटलं. “खूप.”

“मीपण,” ती म्हणाली. “थोडी, प्रत्येक वेळी. म्हणून तर सगळं दोनदा बघते. तुम्हाला परत पाठवलं ना, ते त्याच भीतीने.”

चाळीस वर्षं काठावर उभी राहून मीही प्रत्येक पोराच्या वेळी घाबरत होते. पोरांना कधी कळू दिलं नाही, पण त्यांच्यावरचा डोळा एकदाही हलवला नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “मग द्या आता भूल.”